चार एक्झॉस्ट व्हॉल्व्ह

डॉक्टर तोष्णीवाल बाई म्हणाल्या, गाडी चालतेय की.
आवाज नाही, धूर नाही, तेल पीत नाही.
मग उघडायची काहून?

बशूचाचांनी बिडी विझवली,
बॉनेटवर हात ठेवला,
झोपलेल्या जनावराच्या पाठीवर ठेवतात तसा.
लाल, दोन सीटांची, इटलीहून आलेली.
बाईंच्या वडिलांनी जिनिंगच्या पहिल्या बऱ्या सालात घेतली
तेव्हा मोंढ्यातली पोरं नाक्यापर्यंत तिच्यामागं पळायची.
त्या पोरांत एक चाचा होते.

"त्रेपन्न साल," ते म्हणाले.
"माल थक गया होगा बाई. बोलता नहीं."

रविवारी हेड उतरवलं.
स्प्रिंग दाबली, लॉकचे इवलेसे तुकडे चुंबकानं उचलले,
एकेक व्हॉल्व्ह सरकत बाहेर आला.
इनटेकचे चार बरे.
एक्झॉस्टचे चार
डोळ्याला तेवढेच बरे.
हीच तर गोची.

यांची दांडी पोकळ असते.
आत अर्ध्यापर्यंत सोडियम,
पाणी उकळायच्या जरा आधी वितळणारा.
वरखाली हिंदकळत तो
डोक्याची आग दांडीकडं वाहून नेतो,
मिनिटाला तीन हजार वेळा.
डोकं वेगळं, दांडी वेगळी, मधे जोड.
तो जोड एके दिवशी सुटतो.
आधी खोकत नाही, कण्हत नाही.
समृद्धीवर काटा एकशेवीसला असतो
आणि डोकं पिस्टनवर पडतं.

चाचांनी एकदा पाहिलंय,
औरंगाबादला, छावणीतल्या एका कर्नलची हिरवी गाडी.
पिस्टन निघाला तो फुटक्या बशीसारखा.
ती गोष्ट ते पुढं सांगत नाहीत.

गिऱ्हाइकं इथं स्टुलावर बसतात,
व्हॉल्व्ह म्हटलं की त्यांचा हात आपोआप छातीकडं जातो.
चाचांना ते खपत नाही.
"दिल का दवाखान्यात बोलो. इधर लोहा है."

नवे आले पुण्याहून, एकसंध, भरीव,
वर्तमानपत्रात गुंडाळलेले.
दोन दिवस मी घासत बसलो.
सीटला पेस्ट, काठीचं रबर व्हॉल्व्हला चिकटवायचं
आणि तळहातांत फिरवायची काठी, ताकाच्या रवीसारखी,
उचलायची, वळवायची, परत,
कडेला राखाडी वळं उमटेपर्यंत,
कुठंही न तुटलेलं.
पहिल्या दिवशी माझं तुटलं होतं. चाचांनी नखानं दाखवलं.
रॉकेल आता मिळत नाही, म्हणून पोर्टांत डिझेल ओतलं,
हेडखाली कागद अंथरला, रात्रभर ठेवलं.
सकाळी कागद कोरडा.

गाडी सुरू झाली
आधी होत होती तशीच.
बाई थोडा वेळ ऐकत राहिल्या,
म्हणाल्या, मला तर फरक कळत नाही.
चाचा म्हणाले, "हौ."

बिलावर मी सामान लिहिलं, मजुरी लिहिली.
जे आता घडणार नाही
ते कोणत्या रकान्यात मांडायचं
हे मला कुणी शिकवलेलं नाही.
बाईंनी तीनशे रुपये कमी करून घेतले.

जुने इनटेक भंगारात गेले.
जालना तसंच आहे. मोडका फाळ, गंजलं गेट, सायकलचा सांगाडा,
सगळं एमआयडीसीतल्या भट्टीत उतरतं
आणि सळई होऊन कुणाच्या तरी स्लॅबमधे आडवं होतं.
ते चार मात्र जात नाहीत.
भट्टीत फुटतील,
आणि दांडी चिरली तर पाण्यानंही पेटतील.
भंगारवाल्यानं लांबूनच हात जोडले.
म्हणून तेलात बुडवून, पत्र्याच्या डब्यात, वरच्या फळीवर.
डब्यावर चाचांच्या वाकड्या अक्षरात: पानी नक्को.

आमच्या गल्लीत आठ-दहा दिवसांनी नळ येतो.
"आलं, आलं!" अशी ओरड होते,
हंडे, ड्रम, बादल्या, अख्खी गल्ली धावते.
मीही धावतो.
फक्त आधी स्टुलावर चढून
त्या डब्याचं झाकण चाचपून येतो.